बाबांविषयी

चिखली, गोवा

प्रिय मेधा,

तुझं पत्र मिळालं. फोनवर एवढं बोलून झाल्यावरही तू चार पानं लिहिलीस आणि त्यात विचारलंस, काकांना कधी भीती वाटायची का गं? तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. आता जरा निवांत झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

वाटायची. त्यांनीच मला सांगितलं होतं. भीती वाटत नाही म्हणणाऱ्या वैमानिकाशेजारी मी बसणार नाही, असंही म्हणायचे.

नौदलात ते अलिझे नावाचं एका इंजिनाचं विमान उडवायचे, विक्रांत या विमानवाहू जहाजावरून. उतरताना विमानाच्या शेपटाखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकावा लागतो. नाही अडकला, तर तिथल्या तिथे पूर्ण ताकद देऊन पुन्हा आकाशात जायचं. त्याला बोल्टर म्हणतात. हे सगळं रात्रीच्या काळोखात, खालीवर होणाऱ्या डेकवर. तार चुकली की काही जणांना इतरांसमोर कमीपणा वाटायचा, आणि पुढच्या खेपेला ते हट्टाने विमान खाली दाबू पाहायचे. बाबांना खरी भीती त्या हट्टाची वाटे.

१९७१ बद्दल ते फार थोडं बोलले. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. जहाजाचा वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, आणि अलिझेला तर उडताना तो वारा हवाच. वारा पडलेला असला की सगळे आकाशाकडे बघत थांबायचे, एवढंच सांगायचे. तरीही त्या डिसेंबरात सी हॉक ही लढाऊ जेट विमानं आणि अलिझे बंगालच्या उपसागरातून चितगाव, कॉक्स बझारवर जात राहिली. आई तेव्हा फोंड्याला आजीकडे होती. दोघी रेडिओला कान लावून बसायच्या.

१९७८ मध्ये ते इंडियन एअरलाइन्समध्ये गेले आणि आधी फोकर फ्रेंडशिपवर बसले. अलिझेला जे रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन होतं, तेच फोकरलाही, फक्त एकाऐवजी दोन. त्याची ती कर्कश शीळ ऐकली की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, म्हणायचे. नंतर बोइंग ७३७ आलं, शेवटी एअरबस. एअरबसच्या प्रशिक्षणाच्या वेळी पंचेचाळिशीचा हा माणूस माझ्या टेबलावर माझ्याच पट्टीने वहीत रेघा मारून अभ्यास करत होता. त्या दिवसांत त्यांचा मला फार अभिमान वाटायचा, युद्धापेक्षाही जास्त.

तुला तो जुलै आठवतो का? तुझ्या मामीला घेऊन मुंबईहून येणारं बाबांचं विमान दाबोळीच्या विमानतळावर दोनदा खाली आलं आणि दोनदा वर गेलं. पावसात पठारावर ढग टेकलेले, धावपट्टी दिसेना. बाबा मुंबईला परत गेले. मामी दुसऱ्या दिवशी आली ती रागानेच, आणि बाबांनी आपल्या घरी जेवायला बोलावून तिला वाढलं. ती बरंच बोलली. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही चिडलेल्या का होईना, पण आलात."

त्याच माणसाच्या दारात मी लग्न मोडून उभी राहिले, ते तुला माहीत आहे. रात्री अकराला, एक सुटकेस घेऊन. गावात काय बोलतील, याची धास्ती मला वाटेतच खाऊन टाकत होती. त्यांनी सुटकेस माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "जेवलीस?" नव्हते जेवले. त्यांनी स्वतः सकाळचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, गरम केलं, भात वाढला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले. कारण त्यांनी त्या रात्री विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. जेव्हा सांगावंसं वाटलं तेव्हा मीच सांगितलं. मेधा, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडचं खरं उत्तर हे आहे. कोणी मागे फिरून आलं, तर त्याला त्याची लाज वाटू न देणं त्यांना जमायचं. आता असं दार मला कुठे मिळणार?

गेल्या वर्षी त्यांना बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात नेलं होतं. बाहेर अलिझे उभं आहे. ते काठी माझ्याकडे देऊन विमानाच्या शेपटाखाली वाकले, हुकाची जागा बघितली, आणि हात पुसत म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यात ठेवलंय, सारखं धुवायला हवं."

त्यांची उड्डाणांची नोंदपुस्तकं मी आणि आई रोज संध्याकाळी काढून बसतो. तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, तास. रात्रीची उड्डाणं लाल शाईत. आईला आता वाचता येत नाही, मी वाचते आणि ती प्रत्येक तारखेला घरातलं काहीतरी सांगते. या दिवशी तुला गोवर आला होता. या दिवशी म्हार्दोळच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा होती आणि हे पोचले नाहीत. त्यांनी आपल्या ओळीत फक्त दीड तास आणि विमानाचा नंबर लिहिलाय. मी पेन्सिलने तिचं बोलणं समासात लिहून ठेवतेय.

दुसरी वही अर्धी झाली आहे. त्यात १९८३ यायचंय, नौदलाची सी हॅरियर जेट विमानं दाबोळीला आली ते वर्ष. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून आवाज जाईपर्यंत थांबायच्या, ते तूच आईला सांग. मे महिन्यात ये. माडीवरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवते.

तुझी,
शुभा