दिनविशेषात नंदुरबारही हवे

महोदय,
१ जुलैच्या ‘दिनविशेष’ सदरात वसंतराव नाईक यांच्या १९१३ मधील जन्माची आणि त्यानिमित्त साजऱ्या होणाऱ्या कृषी दिनाची नोंद होती, ती योग्यच. परंतु १९९८ मध्ये याच तारखेला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार आणि अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळे झाले, याचा उल्लेख राहून गेला. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुव्याच्या लोकांना तोवर जिल्हा कचेरीच्या कामासाठी थेट धुळे गाठावे लागे आणि त्यापायी अख्खा दिवस, प्रसंगी मुक्कामही, खर्ची पडे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यानंतरचा हा मोठा फेरबदल (निदान आम्हा नंदुरबारकरांच्या लेखी तरी). पुढील वर्षी त्याला एक ओळ मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, शहादा