काका, तुमची सही वर होती

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. तुमचे किंवा कंपनीचे नाव यात नाही. प्रत्यक्ष आभार मानायला दोनदा स्टोअरमध्ये आले होते, पण दोन्ही वेळा तुम्ही चलने पाहण्यात गढून गेलात (मुद्दाम, असा माझा संशय आहे) आणि मला तशीच परत जावे लागले.

भोसरीतल्या आपल्या कारखान्यात त्या दिवशी हीट ट्रीटमेंट होऊन आलेल्या पिनांचा हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, ५८ ते ६२ एचआरसी (तो मोजण्याचे रॉकवेल माप) हवा होता आणि तो ५२च्या पुढे जात नव्हता. अशी मऊ पिन नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ती गाडीत बसते, लवकर झिजते, आणि तोवर ती गाडी कोण चालवत असेल हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. तरीही संध्याकाळचा ट्रक चुकू नये म्हणून मला अहवालात ५९ लिहून सही करायला सांगण्यात आले. खंडेनवमीला हार्डनेस मोजणाऱ्या ज्या यंत्राला आपण हळदकुंकू वाहिले आणि झेंडूची माळ घातली, त्याच यंत्राच्या तोंडी खोटा आकडा घालायचा होता.

सांगणारे साहेब दर गुरुवारी आम्हा सर्वांना दहा मिनिटे डोळे मिटून बसवतात. मी नकार दिला तेव्हा त्यांनी मला सकारात्मक राहायला सांगितले. मनुष्यबळ विभागाने माझे म्हणणे 'नोंदवून घेतले', आणि ज्या सहकाऱ्यांबरोबर मी रोज डबा खाते त्यांना नेमके त्याच वेळी आपापल्या मशीनवर काम निघाले.

तेवढ्यात तुम्ही आलात. काही विचारले नाही, कोणाची बाजू घेऊन बोलला नाहीत. माल नाकारल्याचा तांबडा टॅग मागून घेतलात, चष्मा कपाळावरून खाली ओढून लॉट नंबर सावकाश, वळणदार अक्षरात उतरवलात आणि मी सहीसाठी हात पुढे केला तेव्हा म्हणालात, "थांबा मॅडम, आधी माझी होऊ द्या. मला आता बढती थोडीच घ्यायचीय." मग स्वतः वाकून तो टॅग क्रेटला बांधलात, सुतळीला दोन गाठी मारल्यात. टॅगवर स्टोअरच्या सहीची गरजच नसते, हे मला नंतर लक्षात आले.

पुढे काय झाले, कोणती बैठक झाली, हे सगळे इथे सांगत बसत नाही. लॉट गेला नाही, एवढे पुरे.

तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ मी चार वर्षे पाहते आहे, पण तिच्याविषयी तुमच्या तोंडून कधी अवाक्षर ऐकले नाही. त्या रात्री मला देहूच्या तुकोबांची सावकारी आठवली. कर्जखते इंद्रायणीत बुडवली, एवढेच आपण सांगतो. पण त्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा हिस्सा त्यांनी वेगळा काढून दिला होता, आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खते, ही परंपरेने जपलेली गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. धर्म करायचा तो आपल्या पदरचा घालून. आमच्या साहेबांना त्यांचा ट्रक माझ्या सहीच्या जिवावर न्यायचा होता. तुम्ही निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेले असताना स्वतःची सही पुढे केलीत.

सभ्य माणसे कारखान्यात कमी नाहीत, असे मला अजूनही वाटते. फक्त ती फार वेळा मशीनवर काम आठवून निघून जातात.

माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पुणे हा टप्पा तुम्ही दरवर्षी चालता, असे कळले. यंदा मी दिघीत रस्त्याकडेला चहाचा थर्मास घेऊन उभी राहणार आहे. तिथे तरी चलने नसतील.

आपली नम्र,
क्वालिटीतली मॅडम