सूचना : लम्पीच्या गाठींकडे लक्ष ठेवा

सर्व पशुपालक सभासदांनो, "हा रोग आपल्याकडचा नाही" हे कृपया आता गृहीत धरू नका. गाई-म्हशींना होणारा लम्पी त्वचारोग १९२९ मध्ये झांबियात आढळला आणि कित्येक दशके आफ्रिकेतच राहिला. २०१५ मध्ये तो ग्रीसमध्ये, २०१९ मध्ये भारत, बांगलादेश, चीनमध्ये आणि २०२५ मध्ये इटली, फ्रान्समध्ये पोहोचला. डास-माश्या तो जवळपास पसरवतात. लांबचा पल्ला मात्र बहुतेकदा आपणच जनावरांच्या वाहतुकीतून घडवतो. अशाच चावणाऱ्या कीटकांमुळे पसरणारा मेंढ्यांचा नीलजिव्हा (ब्लूटंग) रोगही २००६ मध्ये उत्तर युरोपात शिरला.

धार काढताना मानेवर, कासेवर हात फिरवा. ताप आणि कातडीत घट्ट, गोल गाठ लागली, तर जनावर लगेच वेगळं बांधा, पशुवैद्यकांना त्याच दिवशी कळवा. नवीन जनावर २८ दिवस कळपापासून दूर ठेवा. लसीकरण राहिलं असेल त्यांनी गाठ दिसण्याची वाट पाहू नये.