भाड्याचे दरही जाहीर करा: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपलं खातं रेडी रेकनर काढतं. कोणत्या भागात सदनिकेचा चौरस मीटरचा दर काय, हे त्यामुळे कुणालाही घरबसल्या पाहता येतं. घर विकत घेणाऱ्याला निदान एक सरकारी आकडा हाताशी असतो. त्याच भागात भाड्याने घर शोधणाऱ्याला एजंट सांगेल तो भाव मान्य करावा लागतो. भाड्याची खरी माहिती सरकारकडे नाही असं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. ती आहे, आणि आपल्याच खात्याकडे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आता तर ही नोंदणी ऑनलाइन होते, एजंट मशीन घेऊन घरी येतो आणि अंगठे घेऊन जातो. पत्ता, क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट, मुदत, सगळं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणकात जमा होतं. त्यासाठी आम्ही मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरतो. पण पुढच्या वर्षी त्याच गल्लीत घर शोधायला निघालेल्या माणसाला या नोंदींचा काडीचा उपयोग होत नाही.

शोध कसा चालतो ते सांगते, कारण मंत्रालयात बसून ते दिसत नसावं. एकच फ्लॅट चार एजंटांनी चार वेगवेगळ्या भाड्यांना टाकलेला असतो. पत्ता कुणी देत नाही, फक्त 'स्टेशनजवळ' किंवा 'मेन रोडला लागून'. क्षेत्रफळ कुणी कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) सांगतं, कुणी बिल्टअप (भिंती धरून), कुणी सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटाही धरून), त्यामुळे दोन घरं शेजारी ठेवून पाहताच येत नाहीत. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे शेवटी कळतं. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण ते नकळत भाडेकरूच्या माथी येतं आणि मर्यादा त्याला कुणी सांगत नाही. फोन करावा तर जाहिरातीतलं घर 'आत्ताच गेलं', पण त्याच बजेटच्या थोडं वर दुसरं आहे. कार्यालयातून अर्धी रजा टाकून ते पाहायला जावं, तर दारात आडनाव विचारलं जातं, किंवा एकट्या बाईला घर देत नाही म्हणून सांगितलं जातं. या सगळ्यात माणूस इतका थकतो की तुलना सोडून देतो आणि मिळेल त्या घराचं टोकन देऊन मोकळा होतो. जास्त भाडं असंच पदरात पडतं.

डिपॉझिटचा हिशोब तर फार थोड्यांना उमगतो. समजा, एका घराचं भाडं २६ हजार आणि डिपॉझिट ५० हजार. दुसऱ्याचं भाडं २४ हजार, पण डिपॉझिट चार लाख. दुसरं महिना दोन हजारांनी स्वस्त वाटतं. आता गंमत नाही, गंभीरपणे सांगते: याचं उत्तर आपल्याच मुद्रांक कायद्यात आहे. लिव्ह अँड लायसन्सवर ०.२५ टक्के शुल्क लावताना सरकार परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतं आणि ते भाड्यात मिळवतं. त्या हिशोबाने पहिलं घर महिना सुमारे २६,४१७ रुपयांना पडतं आणि दुसरं २७,३३३ रुपयांना. स्वस्त वाटणारं घर नऊशे रुपयांनी महाग! शुल्क वसूल करताना सरकार खरी किंमत काढतं, मग तीच किंमत भाडेकरूला का दिसू नये? केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित ठेवलं आहे. त्या मर्यादेबद्दल मतभेद असू शकतात. डिपॉझिट किती चाललं आहे हे उघड असण्याबद्दल मतभेद कसले?

म्हणून मागणी ही, की नोंदणीकृत करारांवरून प्रत्येक भागातल्या वन-रूम-किचन, वन-बीएचके, टू-बीएचके घरांचं भाडं आणि डिपॉझिट दर तीन महिन्यांनी जाहीर करा. सरासरी नको, कारण दोन-चार आलिशान फ्लॅट तिला फुगवतात. सगळे करार चढत्या क्रमाने लावून मधला आकडा द्या, आणि सोबत वरचा-खालचा पट्टा. कुणाचंही नाव, इमारत, फ्लॅट नंबर बाहेर येता कामा नये. एखाद्या भागात करार मोजकेच असतील तर तो भाग शेजारच्यात मिळवा. आणि करारात क्षेत्रफळ कार्पेटच लिहायचं, मेंटेनन्स कोण भरणार ते स्वतंत्र रकान्यात नोंदवायचं, असं बंधन घाला. या दोन गोष्टींशिवाय आकडे कितीही काढले तरी तुलना होणार नाही.

दर उघड केले की मालक भाडी वाढवतील, असं आपल्याला सांगितलं जाईल. मालकाला चालू दर आजही एजंट सांगतोच. अंधारात आहे तो फक्त भाडेकरू. करारात भाडं कमी दाखवून उरलेलं रोखीत घेणारे आहेत, हेही खरं. त्यामुळे आकडे थोडे खाली राहतील, पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. शिवाय आकडे लोकांच्या नजरेखाली आले की अशी तफावतही नजरेत भरेल.

एजंटांचा प्रश्न गृहनिर्माण खात्याचा आहे, हे मला ठाऊक आहे, तरी आपण मंत्रिमंडळात तो मांडावा. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, आणि भाडेकरूला तर तो कायदा ग्राहकच मानत नाही. नव्या प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाची, परीक्षा द्यावी लागते, नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. भाड्याची घरं दाखवणाऱ्याला यातलं काही लागत नाही. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून घेणाऱ्याची निदान नोंदणी असावी, आणि त्याच्या जाहिरातीवर तो क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ आणि डिपॉझिट छापलेलं असावं.

शाळा-कॉलेजांमुळे घरं शोधण्याची खरी धावपळ मे-जूनमध्ये होते. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. त्याच दिवशी भाड्याचा पहिला तक्ताही संकेतस्थळावर टाकावा, मग तो राज्यातल्या एकाच शहराचा का असेना.

कळावे,
आपली,
एक भाडेकरू