त्रास होत असेल तर सूट घ्या, हे कुणीतरी सांगायला हवं

संपादक साहेब,

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणारे हजारो लोक असतात, आमची आईपण मागच्या वर्षी अनवाणी गेली, शुगर असताना, आणि घरी आली तेव्हा टाचेला रुपयाएवढा फोड फुटलेला, तो भरायला दोन महिने लागले. चप्पल घाल म्हटलं तर म्हणाली देवीला चालणार नाही.

ज्यू लोकांचा सुक्कोत सण पण शरद ऋतूतल्या पौर्णिमेलाच सुरू होतो. सात दिवस झावळ्या-फांद्यांच्या मांडवात जेवायचं, झोपायचं. पण मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की पावसानं लापशी खराब व्हायला लागली की मांडव सोडून घरात निघून जा. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद म्हणतो ज्याला तिथं त्रास होतो त्याला सूट, कारण मांडवात घरासारखं राहायचंय आणि त्रास सोसत घरात कोण राहतं? 16व्या शतकात पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इसर्लेस यांनी तर लिहून ठेवलंय की सूट असूनही जो उठत नाही त्याला पुण्य मिळत नाही, तो अडाणीच. अर्थात प्रत्येक नियमाला अशी सूट नाही, नुसता कंटाळा आला म्हणून तर नाहीच. पण योम किप्पूर या त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या कडक उपवासातही जिवाला धोका असलेल्या आजाऱ्याला खायला द्यावंच लागतं.

यंदा कोजागरीच्या आधी आपल्या मंडळांनी, पुजाऱ्यांनी स्पीकरवरून एवढं सांगावं, शुगरवाल्यांनी चप्पल घाला, दमलात तर एसटीत बसा. आमचं आई ऐकत नाही, त्यांचं ऐकेल.

- एक वाचक, सोलापूर