चार तारांचे आभार: आमच्या इमारतीतल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर धन्यवाद म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे लेखी आणि चारचौघांत. बाबांच्या टर्नटेबलचा गेलेला उजवा आवाज तुमच्यामुळे परत आला. पण तुम्ही ते काम स्वतः उरकून मोकळे झाला नाहीत, शेजारी बसून माझ्या हातून करून घेतलंत. माझे खरे आभार त्यासाठी आहेत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बाबांचं टर्नटेबल गॅरार्ड 401, इंग्लंडात स्विंडनच्या कारखान्यात बनलेलं. हे मॉडेल 1965 साली बाजारात आलं. त्यावर एसएमई कंपनीचा 3009 टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा दांडा; पुढे त्याला नुसतं आर्म म्हणते. मोटर, थाळी सगळं ठणठणीत. पण आर्म रेकॉर्डच्या मध्याकडे सरकला की उजवा चॅनल गायब व्हायचा आणि मागे एकसारखी घुमघुम चालू. दुकानात सांगितलं, आर्मच नवा घ्या, याच्या तारा बदलत बसायला कोणी तयार होत नाही.

तुम्ही आलात आणि पहिल्या संध्याकाळी एकही स्क्रू काढला नाहीत. डावी-उजवी जोडणी उलटी करून ऐकलीत, म्हणजे दोष ॲम्प्लिफायरचा नाही हे कळलं. मग हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई बसवायचा भाग, काढून त्याच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला लावल्यात. कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या कंपनांतून वीज तयार करणारा तुकडा, बाजूला ठेवूनच मल्टिमीटर हातात दिलात, कारण मीटरचा प्रवाह त्यातल्या नाजूक कॉइलमधून जाऊ द्यायचा नसतो. आर्मच्या टोकाची पिन आणि खालचं सॉकेट यांच्यामध्ये मीटर धरून मी आर्म हळूहळू आत नेला, तर आतल्या चार तारांपैकी लाल तारेचा आकडा उड्या मारायला लागला. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं नेमकं आर्म ज्यावर फिरतो त्या खुंटीपाशी, जिथे ते वर्षानुवर्षं वाकत आलं होतं, तिथे तुटलेलं. दोष असा जागेवर पकडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आणि मग तुमची नजर त्या आर्मच्या बेअरिंगवर गेली. आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेतले रासायनिक तराजू दुरुस्त केलेला माणूस! "अगं, ही तर सुरीधार आहे," म्हणालात, आणि चेहरा असा खुलला की बाबासुद्धा खुर्ची ओढून जवळ आले. तराजूची दांडी धारेवर तोलतात तसाच हा आर्म वर-खाली होताना धारेवर तोललेला. त्या दिवसापासून तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिलात: तारेने वीज न्यायचीच, पण आर्मला धरून ठेवायचं नाही.

ते किती महत्त्वाचं आहे हे आकड्यांत बसवून दिलंत, म्हणून माझ्या डोक्यात राहिलं. सुईचा भार जेमतेम दीड ग्रॅम. रेकॉर्ड फिरताना आर्मला आत ओढणारं बल त्याच्या साधारण दहावा भाग. खुंटीपाशी एखादी ताठ तार पिळून बसली, तर तिचा ताण सहज त्या बलाच्या बरोबरीला येतो आणि सुई खाचेच्या एकाच भिंतीवर रेलते. महागडी चांदीची तार मागवू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तांब्याची घे, पण मऊ घे. हे मला आज शंभर टक्के पटतं. म्हणून लिट्झ तार: पुष्कळ बारीक धागे, प्रत्येकावर वेगळा इनॅमलचा थर.

हा थर काढणं म्हणजे खरी परीक्षा. ॲस्पिरिनच्या गोळीवर तार तापवायची युक्ती मी कुठेतरी वाचली होती. तिचा धूर छातीत जातो आणि आम्ल तारेवर राहून पुढे ती खातं, असं सांगून तुम्ही ती तिथेच बाद केलीत. त्याऐवजी इस्त्रीच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, थेंब, थोडी राळ, आणि त्यात तारेचं टोक बुडवून थर जळेपर्यंत थांबायचं. डाखही 63/37चा आणायला लावलात, कारण तो 183 अंशांना एकदम वितळतो आणि एकदम घट्ट होतो. मधल्या लिबलिबीत अवस्थेत हात हलला तर डाख कच्चा राहतो.

जुन्या तारा काढण्याआधी त्यांच्या शेपटीला शिवणाचा दोरा बांधलात. पुढून तारा ओढल्या, दोरा नळीत राहिला, आणि त्याच दोऱ्याने नव्या तारा आत गेल्या. गाठी एकाखाली एक अशा सोडायच्या, म्हणजे कुठेही गड्डा होत नाही, हेही तुमचंच. लाल-हिरवी एकत्र, पांढरी-निळी एकत्र, सैल पीळ देऊन. लाल-हिरवी उजव्या चॅनलची, पांढरी-निळी डाव्याची.

शेवटची तपासणी मला सगळ्यांत आवडली. वजन मागेपुढे करून आर्म अगदी तरंगता ठेवला, बायसचं, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला ओढून धरणारं, छोटं वजन काढलं, आणि आर्म जिथे सोडू तिथे थांबतो का ते पाहिलं. तो बाहेरच्या बाजूला सरकायचा. तुम्ही खुंटीखालचा वेटोळा थोडा मोठा करून दिलात, पीळ उलगडलात. मग आर्म कुठेही सोडला तरी तिथेच.

घुमघुमीचं कारण वेगळं निघालं: आर्मच्या धातूच्या नळीची अर्थिंगची काळी तार सुटलेली होती. कार्ट्रिजमधून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. फोनो स्टेज, म्हणजे हा क्षीण संकेत वाढवणारं सर्किट, ते शंभरएक पट करतं, आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज भरून काढायला 50 हर्ट्झपाशी आणखी सातेक पट. विजेची घुमघुम त्याच 50 वर. आमच्याकडे शास्त्रीय संगीताच्याच रेकॉर्ड जास्त. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या बुवांच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ही घुमघुम अगदी तानपुऱ्याला खेटून बसलेली. ती गेली आणि आलापातल्या थांब्यांमध्ये जोडीच्या तारा आणि खर्ज वेगवेगळे ऐकू यायला लागले. बाबांनी तीच बाजू लागोपाठ दोनदा लावली. इतक्या वर्षांत त्यांनी असं केलेलं मला आठवत नाही. काका, हे तुम्ही आमच्या घराला दिलंत.

उरलेली लिट्झ तार आणि डाखाचं रीळ मी डब्यात घालून नावं लिहून ठेवलं आहे. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंकडे थोरेन्स कंपनीचं टर्नटेबल आहे, तेही एका बाजूने मुकं. त्याच्या तारा मी बदलीन असं मी त्यांना सांगून टाकलं आहे. रविवारी सकाळी येता का? काम मी करते, तुम्ही फक्त शेजारी बसा.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची