जागा शिल्लक नाही : एका ताईंना आभाराचं पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघडच लिहितो आहे. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलता. पत्रात ती सोय नाही.

आठही वजनकाटे आता एकाच संगणकाला जोडलेले आहेत आणि आठांचेही आकडे येतात. काट्यांची आरएस-२३२ ही भाषा १९६० सालची, संगणक आजचा, आणि त्या दोघांत दुभाष्या म्हणून संगणकात बसवायचं, आठ सिरियल पोर्टांचं (काट्यांच्या केबली लावायच्या जागांचं) एक पीसीआय एक्स्प्रेस कार्ड. खोक्यावर 'लिनक्सवर चालते' असं छापलं होतं. सोबतच्या सीडीत ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स निघाला, तो २.६ मालिकेच्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलेला. ती मालिका २०११ मध्येच ३.० ला जागा देऊन मोकळी झाली. सोर्सपासून ड्रायव्हर बांधायला 'मेक' म्हटलं की पडदाभर चुका. त्या एकेक निस्तरत मी दोन रात्री घालवल्या आणि मग एका मित्राने तुमचा नंबर दिला.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "एलएसपीसीआय काय म्हणतं?" ती आज्ञा संगणकातली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. मी म्हटलं, "कार्ड दिसतं, पण ड्रायव्हर लागलेला नाही. तिथे नुसतंच 'सिरियल' लिहिलंय." तुम्ही हसलात. तेच तर ड्रायव्हरचं नाव होतं! मी चिपच्या कंपनीचं नाव शोधत होतो. कर्नलमध्ये ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून होता, कार्डाला लागलेलाही होता, आणि मी सीडी उगाळत बसलो होतो.

पण मग आठातले तीनच पोर्ट का दिसत होते?

इथली माझी करामत तुम्हाला मी पूर्ण सांगितली नव्हती, आज सांगतो. कर्नलच्या लॉगमध्ये पोर्ट नोंदवता आला नाही अशी एक ओळ होती, शेवटी 'एरर -२८'. मी २८ चा अर्थ शोधला. अर्थ निघाला, 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'. डिस्क तशीही नव्वद टक्के भरलेली. मग काय, जुने बॅकअप उडवले, लॉग उडवले, पॅकेजांचा साठा रिकामा केला, मशीन पुन्हा सुरू केलं. पोर्ट तीनच. तुम्हाला फोनवर मी फक्त "जागेचा एरर येतोय" एवढं म्हणालो आणि तुम्ही लगेच अडवलंत : "तुमच्या शब्दांत नको. आहे तशी अख्खी ओळ पाठवा, आणि तिच्या वरच्या दहा पण." त्या वरच्या दहा ओळींतच उत्तर होतं. लिनक्स सिरियल पोर्टांना टीटीवायएस आणि पुढे क्रमांक अशी नावं देतं : टीटीवायएस० मदरबोर्डचा, १, २ आणि ३ कार्डाचे, आणि त्यानंतर लगेच तक्रार.

खुर्च्यांचा दाखला तुमचाच. सिरियल ड्रायव्हर सुरू होतानाच ठरावीक खुर्च्या मांडून ठेवतो, आणि आमच्या कर्नलमध्ये त्या चारच होत्या. एक मदरबोर्डवरच्या पोर्टने अडवलेली, तीनांवर कार्डाचे तीन पोर्ट बसले, आणि चौथा दारात आला तेव्हा ड्रायव्हरने 'जागा नाही' म्हणून दारच लावून घेतलं. पाच पोर्ट बाहेर राहूनही तक्रार एकच का, तेही तेव्हा कळलं : पाचव्यापासून पुढच्यांना कोणी विचारलंच नव्हतं. डिस्कचा याच्याशी काडीचा संबंध नाही. माझे बॅकअप मात्र गेले ते गेले.

त्यानंतरचं मला सगळ्यात जास्त आठवतं. तुम्ही मॉडप्रोबच्या, म्हणजे कर्नलमध्ये बाहेरून ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेच्या, फोल्डरात खुर्च्या वाढवणारी एक ओळ लिहायला सांगितलीत. मी लिहिली, मशीन पुन्हा सुरू केलं, फरक शून्य. दोन मिनिटं शांतता, आणि मग "थांबा, माझं चुकलं. बूट फोल्डरातली कॉन्फिग फाइल बघा." तिथे ८२५० पुढे, म्हणजे आपल्या सिरियल ड्रायव्हरपुढे, 'वाय' होतं, 'एम' नाही. म्हणजे तो मॉड्यूल म्हणून बाहेरून येतच नव्हता, कर्नलच्या पोटातच होता, आणि पोटातल्याला मॉडप्रोबच्या सूचना पोचत नाहीत. थोडं खाली चार खुर्च्यांचा आकडाही लिहिलेला. मी आजवर ज्यांना ज्यांना संगणकाचं काही विचारलं, त्यांतले बहुतेक अशा वेळी "तुम्ही काहीतरी वेगळं केलं असणार" म्हणतात.

मग ती सूचना बूट होताना कर्नललाच द्यायची ठरली : ८२५० च्या 'एनआर-यूआर्ट्स'ची, म्हणजे खुर्च्यांच्या संख्येची, किंमत १२. मी नऊ पुरतील म्हणत होतो, एक अधिक आठ. तुम्ही समजावलंत की पहिले चार क्रमांक पीसीच्या जुन्या कॉम पोर्टांच्या ठरलेल्या पत्त्यांना दिलेले असतात आणि कार्डाचे पोर्ट आधी त्यांच्या पुढे बसायला बघतात. काटकसर केली तर उरलेले मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसतात आणि क्रमाचा विचका होतो. शिवाय आधीच सावध केलंत : आज जो टीटीवायएस१ आहे तो उद्या ४ होईल, स्क्रिप्ट बदलून ठेवा. ठेवली, म्हणून वाचलो.

ग्रबच्या (कर्नल बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये ओळ घालून मी मशीन सुरू केलं आणि पुन्हा तीनच पोर्ट दिसले, तेव्हा मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. तुम्ही शांतपणे "प्रोकमधली सीएमडीलाइन वाचून दाखवा" म्हणालात. बूट होताना कर्नलला मिळालेल्या सूचना तिथे दिसतात, आणि त्यात आमची ओळच नव्हती. फाइलमधला बदल लागू करणारं अपडेट-ग्रब चालवायचं मी विसरलो होतो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ते चालवलं आणि पुढच्या बूटला लॉगमध्ये ४ पासून ११ पर्यंत आठ ओळी एकाखाली एक आल्या, प्रत्येकीच्या शेवटी १६५५०ए हा चिपचा प्रकार. मी त्या तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवल्या आणि तुम्ही आठही ऐकून घेतल्यात.

परवानगीचा एरर त्यानंतर आला, तो सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या डायलआउट गटात नाव घालून आणि पुन्हा लॉगिन करून मिटला. ते तुम्ही आधीच लिहून पाठवलं होतं.

सगळ्यात उपयोगी ठरला तो तारेचा तुकडा. नऊ पिनांच्या कनेक्टरची २ आणि ३ नंबरची (ऐकायची आणि बोलायची) पिन जोडायची, फ्लो कंट्रोल बंद करून मिनिकॉम या पोर्टाशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये टाइप करायचं. अक्षर परत आलं तर पोर्ट ठीक. परवा सहावा काटा मुका झाला. हात फोनकडे गेला होता, पण आधी तारेचा तुकडा लावला. अक्षर परत आलं, म्हणजे पोर्ट शाबूत. केबल तपासली तर ती सरळ निघाली, त्या काट्याला नल मोडेम, म्हणजे त्या दोन तारा उलटसुलट जोडलेली, केबल लागते. बदलली, काटा बोलला. तुम्हाला फोन केला नाही, तो यामुळे.

आपला,
आठ काट्यांचा धनी